खदानीवरचं गवत

११ ऑगस्ट

धानाचा रोवणा संपला. कंबर अजून सरळ होत नाही, तरी आज बायकांना घेऊन खदानीवर गेले, तरोट्याचं तण उपटायला. पाटीवर 'कुरण' लिहिलंय. गावात सगळे खदानच म्हणतात. मी पण.

परवापरवापर्यंत इथं नुसता लाल मुरूम होता, पाय ठेवला की घसरायचा. रस्त्याच्या कामाला टिप्पर भरभरून टेकडी गेली, मग लीज संपली आणि ठेकेदार खड्डे तसेच टाकून निघून गेला. गावाची चराई होती ती. आम्ही, गावच्या कुरण समितीने, उभे कडे जेसीबीने उतरते करून घेतले, बोडीच्या तळ्यातला गाळ आणून पसरला, शेणामातीच्या गोळ्यांत गवताचं बी घालून फेकलं. पहिल्या साली उगवला तो तरोटाच. तेव्हा रडायचीच बाकी होते.

यंदा गवत आहे. मारवेल गुडघ्याला लागते. पवन्या विरळ, पण आहे. वारा आला की सगळं एका बाजूला झुकतं, बघत राहावंसं वाटतं.

इमला सोबत होती. तिची गाय चवरी गाभण आहे. गावची पशुसखी मी, डॉक्टरांना आणून गाभण राहायचं इंजेक्शन मीच करवून घेतलं होतं. तर इमला सगळ्यांना सांगते, "चवरीच्या पोटात हाय थे रेखाचंच होय बापा! कालवड झाली तं रेखाच नाव ठेवीन." बायका हसून हसून खाली बसल्या. लग्न होऊन गोंदियाजवळच्या कुडव्याहून या गावात आले तेव्हा माझ्याशी पहिली बोलली ती इमलाच. शहरातली म्हणून बाकीच्या लांब राहायच्या.

हातांना तरोट्याचा वास. साबणाने जात नाही.

१९ ऑगस्ट

कुरणाच्या कामात मदत करणाऱ्या संस्थेचे सर आले. पाण्याच्या खड्ड्याकाठी चिखलात खुरं उमटलेली. चितळ! हा एक खड्डा आम्ही मुद्दाम बुजवला नाही, एका बाजूने उतार करून ठेवला, रानातल्या जनावरांना पाणी पिता यावं म्हणून. तेव्हा लोक हसले होते. आज मी सरांच्या पुढे पुढे होऊन दाखवत होते, जणू चितळ माझ्या गोठ्यातले.

समितीची अध्यक्ष मी, पण सगळ्यांत मोठे तानबाजी, बोलणं तिखट. म्हणतात, "ढोरं भाईर अन् चितळ अंदर. त्याइले नाही टाकत का कोंडवाड्यात, बाई?"

सगळे हसले. सर पण.

नियम सोपा आहे. दिवाळी होऊन बी जमिनीवर पडेपर्यंत एकही ढोर आत नाही. सापडलं तर ग्रा.पं.च्या कोंडवाड्यात, मालकाने येऊन सोडवून न्यायचं. कोंडवाड्याचं मीच सुचवलं होतं. नुसतं बोलून कोणी ऐकत नव्हतं.

२ सप्टेंबर, पोळा

बैल सजले, तोरण तुटलं, पोरं नाचली. संध्याकाळी समितीची बैठक ठेवायला नको होती सणाच्या दिवशी. पण सगळे गावात होते म्हणून.

तानबाजी उभे राहिले. "अध्यक्षबाईच्या जावेच्या शेळ्या मंगळवारी आत होत्या. थ्या कोंडवाड्यात गेल्या का घरी गेल्या, येवढं सांगा."

घरी गेल्या होत्या. मीच काठीने हाकलल्या, जावेला दोन शब्द बोलले, विषय संपवला. मला वाटलं होतं कोणी पाहिलं नाही.

कान तापले. म्हटलं, "चुकलं. यापुढं माझ्या घरचं असो नाहीतर सख्ख्या बहिणीचं असो, सापडेल ते जनावर कोंडवाड्यात. मी स्वतः नेऊन घालीन." जरा जास्तच मोठ्याने म्हटलं.

माना हलल्या. इमला माझ्याकडे बघून हसली, म्हणजे 'शाबास' अशी.

जाऊ बोलत नाही. 

५ सप्टेंबर

सांजेला चवरी आत सापडली.

वरच्या पाण्याने कुंपण एका जागी खचलंय, तिथून घुसली. इमला दवनीवाड्याला माहेरी गेलीय, आईला ताप आहे. घरी तिचा सासरा, त्याला नीट दिसत नाही. दावं सुटलं असेल.

तानबाजी बाजूच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे होते.  नुसते हाताची घडी घालून उभे.

मीच नेली. हळू चालत होती. मधेच थांबायची. कास चांगली भरलेली दिसली, शेपटीकडे खड्डेही पडल्यासारखे, व्यायला आल्याची खूण. तरी अजून तीन-चार दिवस असतील.

इमलाला फोन लावला, लागला नाही. सासऱ्याला सांगून आले, सकाळी सोडवून घ्या म्हणून. म्हातारा म्हणाला, "बरं माय."

नियम तो नियम. तानबाजी कोंडवाड्यापर्यंत मागे मागे आले आणि फाटक लागलेलं बघून गेले.

आभाळ भरून आलंय.

६ सप्टेंबर

रात्रभर पाऊस.

चवरी कोंडवाड्यात व्याली. वासरू मेलं.

८ सप्टेंबर

लिहवत नव्हतं. आज लिहिते.

ग्रा.पं.चा शिपाई सकाळी बोलवायला आला. कोंडवाड्याच्या छपराचे अर्धे टीन मागच्या वादळातच उडालेत, हे मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत आहे. आत घोट्याच्या वर चिखल. वासरू कोपऱ्यात, जिथं पाणी साचतं तिथं. तोंड चिखलात रुतलेलं. चवरी त्याला चाटत होती, चाटून चाटून अंग स्वच्छ केलेलं, फक्त डोकं खाली चिखलात. जिवंत जन्मलं असणार. कोणी एक माणूस तिथं असता, त्याने नाकातोंडातला चिखल काढून त्याला उचलून कोरड्यात ठेवलं असतं तर.

मला येतं ते. मला शिकवलंय. गावात मलाच शिकवलंय.

इमला दुपारच्या गाडीने आली. रस्त्यातच कोणीतरी सांगितलं असावं. माझ्याकडे पाहिलं नाही. आत गेली, साडी चिखलात, बसली, वासराचं तोंड पदराने पुसलं. नाकपुड्या सुद्धा पुसल्या. मग म्हणाली, "कालवड होय."

कोणाला म्हणाली कळलं नाही.

डॉक्टर आले, म्हणाले, "घरी असती तरी कदाचित झालं असतं असं. पहिलं वेत आहे." परवापासून मी हे वाक्य जो भेटेल त्याला सांगत सुटलेय. 'कदाचित' गाळून.

११ सप्टेंबर

तानबाजी घरी आले. चहा घेतला. कधी घेत नाहीत आमच्याकडे. म्हणाले, "वाईट झालं. पन बाई, तुमी आपल्या मैत्रिणीले सोडलं नाही. आता कोनाची हिंमत व्हनार नाही."

मला वाटलं ते टोमणा मारतायत. नाही. मनापासून म्हणत होते. जाताना मान झुकवली मला.

शाबासकी मिळाली. कशाची मिळाली ते फक्त मला माहीत.

१५ सप्टेंबर

कॅल्शियमची बाटली घेऊन इमलाकडे गेले. चवरी पान्हा सोडत नाही. वासरू नाही तर कशी सोडेल. दिवसभर हंबरते, आवाज बसलाय तिचा.

इमलाने बाटली घेतली. दारातच उभी. आत ये म्हणाली नाही.

"तुले दिसलं नाही काय वो? कास भरली होती तिची."

मी म्हटलं, "अंधार पडला होता गं."

ती "हं" म्हणाली.

अंधार पडला नव्हता. सूर्य बुडायला आला होता, पण ऊन होतं, गवताच्या शेंड्यांवर होतं. मला आठवतंय कारण मी बघत होते, किती छान दिसतंय म्हणून.

२२ सप्टेंबर

रविवार. हे आले. गोंदियाच्या राइस मिलमध्ये सीझन नसला तरी सुटी एकच दिवस. जेवताना सगळं सांगितलं. अंधाराचंही.

"अरे छोड ना, रेखा. जानबूझके थोडी किया तूने."

म्हटलं, "जाणूनबुजूनच केलं. कास दिसली मला. तानबाजी नसते तर मी तिला इमलाच्या गोठ्यात नेऊन बांधली असती आणि बाजूला बसले असते."

ते घास घेता घेता थांबले. मग म्हणाले, "मग हे बाहेर कोणाला बोलू नको."

यांचंही बरोबर. आम्हाला या गावातच राहायचंय.

४ ऑक्टोबर

खदानीवर एकटीच गेले. कुंपण दुरुस्त केलंय, पण कुंपण नसतं तरी चाललं असतं. महिनाभरात एक ढोर फिरकलेलं नाही. ढोरकी, गावचा गुराखी, कळप घेऊन लांबून, तलावाच्या पाळीवरून जातो. पोरं शेळ्या दावणीला बांधून ठेवतात.

आणि गवत! मारवेल कमरेला. पवन्याला तुरे आलेत, तांबूस. जिथं जेसीबीच्या दातांचे ओरखडे अजून दिसत होते तो उतारही झाकला गेला. पाखरं इतकी की चालताना पायांतून उडतात. पाण्यावर बदकं. मी हेच मागत होते. सरांच्या पहिल्या बैठकीत डोळे मिटून सांगितलं होतं मी, काय दिसायला हवं ते. अगदी तसंच आहे.

बसवेना. लगेच परतले.

एक गोष्ट कोणीच म्हणत नाही. मागच्या साली नियम हाच होता आणि गवत अर्धं खाऊन टाकलं होतं लोकांनी. यंदा कोणी घुसलं नाही, कारण एक वासरू मेलं.

१६ ऑक्टोबर

नागपूरहून पाहुणे आले. आठ-दहा जण, गाड्या, टोप्या, पाण्याच्या बाटल्या. सर मला पुढे करत होते. "ह्या आमच्या अध्यक्ष."

चहाची पाळी इमलाच्या बचत गटाची होती. मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर बदलून घेतली असती. असं लिहितेय खरं.

एका बाईंनी विचारलं, चराईबंदी बाकी गावांत टिकत नाही, तुमच्याकडे कशी टिकली? लोकांना कसं तयार केलंत?

सगळे माझ्याकडे बघत होते. तानबाजी पण. इमला माझ्या डाव्या हाताला, ट्रे घेऊन.

मी म्हटलं, "लोकांनी समजून घेतलं. आपलीच जमीन आहे म्हणून."

पाहुण्या बाईंनी लिहून घेतलं.

इमलाने कप माझ्यापुढे धरला. "घ्या, अध्यक्षबाई."

घ्या. सतरा-अठरा वर्षांत तिने मला पहिल्यांदा 'घ्या' म्हटलं.

चहा घेतला. संपवला पण. सगळ्यांसमोर कसा टाकणार.

१७ ऑक्टोबर

डोकं दुखतंय. आज कोणाच्याच शेळ्या बघायला गेले नाही. एकीने निरोप पाठवला, दुसरीने पण. 'बरं नाही' सांगितलं.

२ नोव्हेंबर, गायगोधन

दिवाळी गेली कशीबशी. आज गायगोधन. ढोरकी मोरपिसं, घुंगरं बांधून गावभर नाचले, ढोलकी, सगळी ढोरं आखरावर, गावाबाहेर कळप जमतो तिथं. गाई न्हाऊन, शिंगं रंगवून, गळ्यात झेंडूच्या माळा.

मी जाणार नव्हते. जाऊ म्हणाली, "अध्यक्ष नसल्या तं बरं दिसते का?" हल्ली बोलते ती. ती बोलते यानेच जास्त लाज वाटते, तिच्या शेळ्या सुखरूप आहेत.

इमलाने चवरीला आणलं होतं. हळद लावलेली, पाठीवर हातांचे ठसे. आखरावर जायचा रस्ता कोंडवाड्यावरून जातो. तिथं आली आणि चवरी थांबली. ओढली तर बसली. चक्क रस्त्यात बसली. मागे सगळा कळप अडला, ढोलकी बंद पडली. कोणी शेपूट पिरगाळली, कोणी म्हणे पाणी मारा. तिने मान लांब केली आणि कोंडवाड्याच्या फाटकाकडे तोंड करून हंबरली. एकदाच.

 मग हळूहळू एकेक मान माझ्याकडे वळली. रागाने नाही. रागाने असती तर बरं होतं.

इमलाने चवरीच्या कानाशी काहीतरी म्हटलं, उठवली, आणि घरी परत नेली. गळ्यातली माळ रस्त्यात पडली, ती कोणी उचलली नाही. मी पण नाही. मागून आलेली ढोरं त्यावरून गेली.

९ नोव्हेंबर

लिहू की नको. लिहिते.

सकाळी खदानीवर, बी पडलं का बघायला. पडलंय, हात फिरवला की कुसळं हाताला चिकटतात. पाण्याच्या बाजूला चितळाची मादी, सोबत पाडस. अगदी जवळ. पाडस गवत खाईना, नुसतं आईच्या पोटाखाली डोकं खुपसून ढुसण्या देत होतं. मादी चरत होती.

मी दगड उचलला आणि मारला.

लागला नाही. दोघं उडी मारून कड्याआड गेली. मी दुसरा दगड पण उचललेला होता.

यांच्यासाठीच तो खड्डा ठेवला. यांच्यासाठी सरांशी भांडून कुंपणाची खालची तार काढून घेतली, पाडसं अडकू नयेत म्हणून. आणि मीच. बरं झालं कोणी बघितलं नाही, हे पहिल्यांदा मनात आलं. हेच नेहमी पहिल्यांदा येतं.

१७ नोव्हेंबर

इमलाकडे गेले.

अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. मी समोर जमिनीवर बसले. ती थांबली नाही.

"इमला, त्या दिवशी उजेड होता. मला कास दिसली होती. मी खोटं बोलले."

सूप चालूच. "मले मालूम हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. तू पशुसखी होस. तू गाईकडं पायलं अन् तुले समजलं नाही, असं कसं होईल?"

"मग बोलली का नाहीस?"

आता थांबली. खडे वेचत म्हणाली, "बोलून काय करू? तू माफी मांगशील. मंग मले 'जाऊ दे' मनावं लागंल. मी कायले मनू?"

माझ्या तोंडावर तेच होतं. माफ कर, हेच. घरून निघताना पाठ करून निघाले होते.

नाही म्हटलं. बसून राहिले. तिने पाखडून झाल्यावर सूप उचललं, आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मग मी उठले.

गोठ्यात चवरी होती. मला बघून मागे सरली.

२४ नोव्हेंबर

समितीची बैठक. धान निघाले, सगळे हजर. चराई उघडायची तारीख ठरली.

मी म्हटलं, कोंडवाडा नियमातून काढा. सापडलेलं ढोर मालकाच्या दारात नेऊन बांधायचं. आणि त्या घरातल्या एकाने एक दिवस खदानीवर काम करायचं, बांध घालायला नाहीतर तरोटा काढायला. बस.

तानबाजी पुढे सरकून बसले. मग म्हणाले, "त्या वासराच्या भेवानं हे गवत उभं हाय, बाई. खोटं बोलून राहिलो काय मी?"

"नाही. खरं आहे."

"मंग भेव काढून टाकलं तं गवत राहील काय?"

म्हटलं, "माहीत नाही."

"आपल्या लाजेपायी गावचं गवत घालवता तुमी."

 थोडं खरं असेलही. माझं मलाच वेगळं काढता येत नाही, कुठलं गावासाठी आणि कुठलं मला झोप यावी म्हणून. तरी म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही धुऱ्यावर उभे होता म्हणून मी तिला कोंडवाड्यात नेली, तानबाजी. तुमचा दोष नाही. मला तुमच्या डोळ्यात भरायचं होतं."

 तानबाजी खाली बघायला लागले. मला वाटलं ओरडतील. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

हात वर झाले. ठराव झाला, थोडक्या मतांनी. एक वर्षापुरता.

मग राजीनाम्याचं काढलं तर फुलवंताबाई, ज्या एरवी बैठकीत डुलक्या घेतात, त्या म्हणाल्या, "थे तुह्यापाशीच ठेव. तू पळून जाशील अन् आमी निस्तरू काय?"

इमला आली नव्हती.

१ डिसेंबर

आज उघडलं.

गावातली सगळी ढोरं फाटकाशी. ढोरक्याने फाटक उघडलं, हाक दिली. एकही आत जाईना! दोन वर्षं इथून हाकलून हाकलून, दगड खाऊन, त्यांना पाठ झालंय. उघड्या फाटकासमोर उभी, माना वर करून वास घेतायत, पाय पुढे नाही. लोक हसायला लागले, मग हसू पण थांबलं. ढोरकी हाकाटून दमला.

शेवटी तानबाजींनी आपला म्हातारा बैल कासरा धरून आत नेला. चार पावलं. मूठभर गवत उपटून त्याच्या तोंडाशी धरलं. "खा गा. खा. आता कोनी नाही मारत." बैलाने घेतलं. मग दुसरा गेला. मग एकदम सगळी.

गवत तुटण्याचा आवाज. इतकी ढोरं एकदम चरतात तेव्हा असा आवाज होतो हे विसरून गेले होते सगळे. कितीतरी वेळ लोक फक्त ऐकत उभे. तानबाजी माझ्या शेजारी उभे होते.  डोळे पुसले त्यांनी, मी दुसरीकडे बघितलं.

चवरी नव्हती. मी परत परत मोजत होते, जसं काही मोजण्यात चूक झाली असेल.

रात्री यांचा फोन. "खुश आहेस ना?" हो म्हटलं. थोडी होते पण.

८ डिसेंबर

पाण्याकडची बाजू बंद ठेवलीय, ती रानातल्या जनावरांसाठी. तिथं आज दोन म्हशी. नव्या नियमाप्रमाणे मालकाच्या दारात नेऊन बांधल्या. तो बाजेवर पडून मोबाइल बघत होता. "बांधून जा वो बाई. उद्या परत जातील थ्या." आणि हसला. कामाला येईन म्हणाला. येईल असं वाटत नाही.

फाटकाजवळचं गवत मुळापर्यंत गेलंय. आठवड्यातच. मुरूम दिसायला लागला एका जागी, लाल.

तानबाजी तिथंच होते. 'मी म्हटलं होतं' असं म्हणाले नाहीत. म्हणाले, "फाटक एक मयना त्या बाजूले करू. इकडचं परत फुटून जाईल." मग थांबून, "पाहू."

मी चुकीचं केलं का? तेव्हा का आता? दोन्ही वेळा?

१३ डिसेंबर

वरचा उतार ढोरांसाठी फार उभा आहे, तिथलं गवत कापून न्यायचं असं ठरलंय. रोज काही घरं. आज इमलाच्या घराची पाळी होती. मला माहीत होतं. म्हणून उतारावर गेले नाही, खालीच बांधाचे दगड लावत होते.

ती एकटी आली, विळा घेऊन. बाकीची घरं सकाळीच कापून गेली होती. मी मान खाली घालून दगड लावत राहिले. वरून विळ्याचा आवाज येत होता. थांबायचा, परत सुरू व्हायचा.

मग बराच वेळ आवाज नाही. वर बघितलं. तिने भारा बांधला होता, मोठा, एकटीने डोक्यावर घेता येणार नाही असा. उभी होती कमरेवर हात ठेवून. रस्त्याकडे बघितलं, तलावाच्या पाळीकडे बघितलं. कोणी नव्हतं. मी होते.

तिने चुंबळ डोक्यावर ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "हात लाव."

गेले. दोघींनी दोन बाजूंनी धरला. गवत अजून थोडं ओलसर, जड. उचलून तिच्या डोक्यावर दिला. तिने दोन्ही हातांनी सावरला, मान ताठ केली. मी हात काढला नाही लगेच. 'सोडू का' विचारलं. ती "हं" म्हणाली.

उतरत गेली. सांभाळून, एकेक पाय रोवून. खाली पोचल्यावर थांबली. भारा सारखा करायला असेल. मग गेली गावाकडे.

हात लाव, एवढंच. आजूबाजूला दुसरं कोणी नव्हतं, हेही खरं. तो भारा चवरीसाठीच असणार. मानेला कुसळं चिकटलीत माझ्या, काढते आहे बसून.